‘जे झाले ते चांगले झाले’ हे गीतेत कुठे आहे?

नागपुरात इतवारीचा सराफा असो की गांधीबागेतलं कापडाचं दुकान, गल्ल्यामागे ‘गीता सार’ची तसबीर हमखास दिसते. आता तीच कृष्णार्जुनाच्या रथासकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मजकूर बहुतेकांना पाठच आहे: जे झाले ते चांगले झाले, जे होईल तेही चांगलेच होईल. तू काय आणले होतेस, जे हरवलेस? रिकाम्या हाती आलास, रिकाम्या हातीच जाशील. आत्मा जन्मत नाही, मरत नाही. स्वतःला भगवंताला अर्पण कर. खाली ‘श्रीमद्भगवद्गीता’ असं नाव. अध्याय-श्लोकाचा आकडा मात्र कधीच नसतो.

पहिलं वाक्य घ्या. अठरा अध्याय, ७०० श्लोक. त्यात ते कुठेच नाही. असणार तरी कसं? झालं ते चांगलंच, तर अर्जुनाने धनुष्य टाकलं तेही चांगलंच झालं म्हणा! कृष्ण तर दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच त्याला ‘क्लैब्यं मा स्म गमः’, असा नामर्दपणा करू नकोस, असं खडसावतो. आणि सगळं सांगून झाल्यावर १८.६३ (अध्याय १८, श्लोक ६३) मध्ये म्हणतो, याचा पुरता विचार कर, मग ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसं कर. जे होईल ते चांगलंच ठरलेलं असेल, तर विचार कशाला करायचा? सुखदुःख, लाभ-हानी सारखी मान, हे २.३८ मध्ये आहे, मान्य. पण नुकसान झालं तरी न डगमगणं वेगळं आणि नुकसानालाच चांगलं म्हणणं वेगळं. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार गळाला की बागायतदाराला हे वाक्य ऐकवणारे भेटतातच.

‘रिकाम्या हाती’ची गोष्ट तर सरळ उलटी आहे. पैसा-अडका इथेच राहतो, त्याबद्दल वाद नाही. पण १५.८ म्हणतो, वारा फुलांचा गंध नेतो तसा जीव देह सोडताना मन आणि इंद्रियं बरोबर नेतो. ६.४३ म्हणतो, मागच्या देहात कमावलेली बुद्धी पुढच्या जन्मी पुन्हा लाभते. साधना अर्धवट राहिली तर काय, या अर्जुनाच्या भीतीवरचं उत्तरच हे आहे. तसबिरीतलं वाक्य खरं धरलं तर ते उत्तरच उरत नाही.

‘काय हरवलेस?’ या सुरातून वैराग्य म्हणजे हात झटकणं असा समज होतो. १८.७ मोहाने कर्तव्य टाकण्याला तामस त्याग म्हणतो. त्रासाच्या भीतीने टाकलं तर १८.८ राजस म्हणतो. सात्त्विक कर्त्याचं वर्णन १८.२६ मध्ये आहे: आसक्ती सुटलेला, मीपणा न मिरवणारा, आणि ‘धृत्युत्साहसमन्वितः’, म्हणजे धीर आणि उत्साह असलेला. उत्साह! ‘जाऊ द्या ना भाऊ’ म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो शोधून पाहा.

आत्म्याचं वाक्य मात्र खरं, २.२० मधलं.

अर्पणाचं वाक्यही १८.६६ च्या जवळ जातं. पण भक्त कोण, ते बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकापासून सविस्तर सांगितलंय: कुणाचा द्वेष न करणारा, मैत्री आणि करुणा बाळगणारा, ज्याचा लोकांना जाच नाही असा. ज्ञानोबा त्यावर म्हणतात, ‘जो सर्व भूतांच्या ठायीं । द्वेषातें नेणेंचि कहीं’. ही कलमं त्या तसबिरीत एकदाही आलेली नाहीत. गिऱ्हाईक आणि दुकानातला नोकर, दोघांशी रोज कसं वागायचं याचा प्रश्न त्यांच्यामुळे उभा राहिला असता.