आबा घरीच असतात

नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा छापखाना, हे रिक्षावाल्यालाही वेगळं सांगावं लागत नाही. मी त्या प्रेसमधला. नोकरीभर नोटा मोजल्या आणि पगाराच्या सोडून एकही घरी आणली नाही. निरोपाच्या भाषणात आमचे साहेब म्हणाले होते, ‘आता आराम करा.’ साहेबांना शाळकरी नातू नसावा.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं. त्याला चार वर्षं होत आली म्हणून २०२४ साली २२ ते २८ जुलै देशभरातल्या शाळांत ‘शिक्षण सप्ताह’ साजरा करायचं ठरलं. दिल्लीत ठरलं ते मुंबईमार्गे आमच्या दुसरीतल्या ओमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडलं. सोमवार ते रविवार, रोज एक विषय. हो, रविवारीसुद्धा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘समुदायाचा सहभाग आवश्यक.’ मुलगा अंबडला कंपनीत, सून सातपूरला बँकेत. दोघांनी रात्री जेवताना ते पत्रक वाचलं, मग एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘आबा घरीच असतात’, सून म्हणाली. समुदायाची निवड बिनविरोध झाली.

सोमवार अध्ययन-अध्यापन साहित्याचा. टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक साहित्य करून आणा, असा निरोप. आता आमच्या घरात टाकाऊ काही नसतं. ज्या माणसाची रोज गेटवर झडती व्हायची, कागदाचा कपटा बाहेर नेणं ज्याला ठाऊक नाही, त्याच्या घरात रद्दीसुद्धा साठत नाही. मग घड्याळ करायला पुठ्ठा हवा म्हणून रविवारी रात्रीच पिझ्झा मागवला गेला. आइस्क्रीमच्या वापरलेल्या काड्या हव्या होत्या, त्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळाल्या. बिनखाल्लेल्या आइस्क्रीमच्या, कोऱ्या करकरीत. काटे फिरवायला पितळी पिना, चिकटवायला फेव्हिकॉल, वर चमकीचा कागद. टाकाऊ वस्तूंचं एकूण बिल मी सुनेला दाखवलं, तेव्हा ती म्हणाली की एवढ्यात भिंतीवरचं चालू घड्याळ आलं असतं. शाळेत गेलो तर टेबलावर पुठ्ठ्याची अशी डझनभर घड्याळं, आणि सगळ्यांमागे एकाच दुकानाचा पिझ्झा.

मंगळवारी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हे ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट, २०२६-२७ पर्यंत ते गाठायचं आहे. उद्दिष्ट उत्तमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्गात मुलांचा बाजार मांडला होता. कोणाकडे मेथीच्या जुड्या, कोणाकडे पेन्सिली, कोणाकडे चिवडा. मोठ्या बाईंना माझी नोकरी माहीत, म्हणून मला बँकेत बसवलं आणि हातात खेळण्यातल्या नोटांचा गठ्ठा दिला. सवयीने पहिली नोट उजेडात धरली. जलचिन्ह नाही. सुरक्षा धागा नाही. क्रमांक सगळ्या नोटांवर एकच. गांधीजींच्या जागी एक हसरं अस्वल. माझा हात थांबला तो थांबलाच. रांगेतली एक चिमुरडी वैतागून म्हणाली, ‘आजोबा, खोट्याच आहेत हो त्या. द्या ना पटकन.’ खोट्या नोटा पटकन द्या, असं मला तोंडावर कोणी पहिल्यांदाच सांगितलं.

पण खरा सप्ताह झाला तो बुधवारी.

त्या दिवशी क्रीडा, आणि त्यातही देशी खेळ. लगोरी, खो-खो वगैरे मुलांना येत होतं. विटीदांडू मात्र कोणालाच येईना, म्हणून ‘ज्येष्ठांनी दाखवावं’ असं ठरलं. ज्येष्ठ दोनच होते : मी आणि सिन्नरकडचे एक अण्णा, जे नातीला सोडायला आले ते पावसामुळे अडकले होते. पहिली अडचण गलीची. शाळेच्या मैदानात सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तिथे गल खणायची म्हणजे महापालिकेची परवानगी लागेल, असं शिपाईमामा म्हणाले. शेवटी दोन विटा शेजारी ठेवून गल झाली. अण्णांनी विटी कोलली. ती रिमझिम पावसातून जाऊन मुख्याध्यापिकांच्या स्कूटीखाली पडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला गेला. इथे खेळ थांबला असता तर बरं होतं.

पण विटी पडली तिथून गलीपर्यंत दांड्याने मोजत यायचं असतं, आणि मोजायचा मान मी घेतला. मोजणं हा माझा प्रांत. मी सुरू केलं, ‘वकट, लेंड, मूंड, नाल, आर...’

‘थांबा’, अण्णा म्हणाले. ‘नालच्या पुढं डोळा.’

‘डोळा नाही. आर.’

‘आमच्याकडं डोळा असतो.’

‘असेल. नाशिकला आर.’

‘तुम्ही कुठले नाशिकचे? मूळ निफाडचे ना?’

इथे वाद मूळ गावांवर गेला. अण्णा म्हणाले, निफाडला द्राक्षं पिकतात, विटीदांडू नाही. मी सिन्नरच्या वाऱ्याबद्दल काही बोललो. दुसरीतली मुलं पावसात भिजत, एकदा माझ्याकडे आणि एकदा अण्णांकडे, अशी माना फिरवत उभी. पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवून पाहिली. दोन ज्येष्ठ नागरिकांना शिट्टी वाजवून वेगळं करायचं त्यांच्या प्रशिक्षणात नसावं, कारण ते लगेच संकोचले. अण्णांनी दांडू माझ्या हातातून घेतला, मी विटी खिशात घातली.

वाद मिटवला तो एका विद्यार्थ्याच्या आईने. नवरा रेल्वेत, माहेर-सासर तिकडे तेलंगणात, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. छत्री घेऊन शांतपणे पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘काका, हे आमचे आकडे आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पुढे ऐदु, मग आरु.’

मी अण्णांकडे विजयाने पाहिलं. ‘बघा. आर आहे.’

‘आहे ना’, त्या म्हणाल्या. ‘पण आर म्हणजे सहा. तुमचे पाच कुठे गेले?’

अण्णा असे हसले की त्यांना शिपाईमामांनी पाणी आणून दिलं. वास्तविक त्यांचा डोळा तर आकड्यांतच बसत नव्हता, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही. प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस पाच खातो, ही बातमी तेवढी संध्याकाळपर्यंत जेलरोडपासून देवळाली गावापर्यंत पोहोचली. मी आजही म्हणतो, विटीदांडूत पाच नसतातच. आमच्या वडिलांनी असंच शिकवलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना.

गुरुवारी सांस्कृतिक दिवस. आषाढी नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे घरोघरी वारकऱ्याचे पोशाख तयार होते. ते सोडून आमच्या वर्गाला कोळीनृत्य मिळालं. नाशिकहून समुद्र किती लांब आहे, याचा विचार कोणी केला नव्हता. ड्रेपरीवाल्याकडे कोळ्याचे सगळे पोशाख गेलेले. ‘मावळा देऊ का?’ तो म्हणाला. ओम मावळ्याच्या वेशात होडी वल्हवत नाचला आणि आरमाराची स्थापना झाली.

शुक्रवारी कौशल्य आणि डिजिटल उपक्रम. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने कसा उघडायचा, हे ओमने मला शिकवलं आणि फोटोत मी त्याला शिकवताना दिसतो. शनिवारी पर्यावरण आणि पोषण. आईच्या नावाने एक झाड लावायचं होतं आणि फोटोत आई हवी होती. सून नेमकी बाहेरगावी. शेवटी तिला व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल जांभळाच्या रोपाशेजारी मातीत टेकवला, आणि रोपाला घातलेलं पहिलं पाणी आईच्या तोंडावर पडलं. मोबाइल माझा होता.

रविवारी समुदाय सहभाग आणि स्नेहभोजन. मिसळ ठेवावी असा काही पालकांचा आग्रह होता, पण आमच्याकडचा काळा रस्सा सहा वर्षांच्या पोटात घालायला स्वयंपाकाच्या ताईंनी ठाम नकार दिला. मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी ठरली. मी आणि अण्णा जिलबी वाढायला. बुधवारपासून आम्ही बोलत नव्हतो, पण एका परातीला दोन कान असतात, ती दोघांनीच धरावी लागते. दुसऱ्या पंगतीपर्यंत ते मला गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव सांगत होते.

जेवणं आटोपल्यावर मोठ्या बाई उपस्थितीचा तक्ता घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत माहिती भरायची होती आणि समुदाय कमी पडत होता. तक्त्यात सहा रकाने : पालक, ज्येष्ठ नागरिक, स्वयंसेवक, शाळा व्यवस्थापन समिती, माजी विद्यार्थी, स्थानिक तज्ज्ञ. ‘आबा, तुम्ही बसता तिथे तिथे सही करा’, बाई अजिजीने म्हणाल्या. पालक तर मी होतोच. ज्येष्ठ उघड दिसत होतो. जिलबी वाढल्यामुळे स्वयंसेवक. समितीवर मला जूनमधल्या सभेत उशिरा आल्याबद्दल घेतलं होतं. या शाळेचा माजी विद्यार्थी मात्र मी नाही, मी निफाडचा. तो रकाना सोडला आणि स्थानिक तज्ज्ञ म्हणून विटीदांडूखातर शेवटची सही ठोकली.

ओम खांद्यावरून वाकून बघत होता. बोटाने एकेक सही मोजत गेला आणि भर पंगतीत ओरडला, ‘अण्णाआजोबा, बघा! आबांनी परत पाच खाल्ले!’