माती परीक्षणात किरणोत्सार नसतो, काका

‘नदीकाठचं प्रदूषण शोधायला शेतात किरणोत्सारी द्रव सोडतात. माती हजार वर्षं नापीक, ऊस-गूळ-दूध विषारी. मातीचा नमुना कुणालाही देऊ नका!’ हा मेसेज फिरत फिरत शिरोळ तालुक्यातल्या आमच्या काकांपर्यंत पोचला. परीक्षणासाठी भरलेली मातीची पिशवी त्यांनी बांधावर ओतून टाकली. आता गप्प बसवत नाही.

खरं नुकसान या नमुन्याचंच आहे. माती परीक्षणात किरणोत्सारी काही वापरतच नाहीत. आपल्या काळ्या रानातला स्फुरद (फॉस्फरस) सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात उतरवतात आणि निळा रंग किती गडद येतो त्यावरून मोजतात. पालाश (पोटॅशियम) ज्योतीच्या रंगावरून मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरवर. नमुना न देणाऱ्याला मग अंदाजानं खत टाकावं लागतं, एवढंच.

‘हजार वर्षं’ कुठून आली देव जाणे. प्रदूषणाचा माग काढायला किरणोत्सारी समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे, आपोआप फुटणारे अणू, वापरतात तेव्हा ती मुद्दाम अल्पायुषी निवडतात. फॉस्फरस-३२ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, १४.३ दिवस, पाच महिन्यांत हजारावा भागसुद्धा उरत नाही, आणि फुटल्यावर त्याचं साधं गंधक होतं. पद्धतही जुनी आहे. १९२३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांनी १०.६ तास अर्धायुकालाचं किरणोत्सारी शिसं वापरून शेंगवर्गीय रोपं शिसं किती उचलतात ते मोजलं. बहुतेक मुळातच अडकलं होतं. अशाच कामासाठी त्यांना १९४३ चं नोबेल मिळालं. साध्या तपासणीत शिसं किती ते कळतं. ते मातीत कुठवर उतरलं, मुळानं किती घेतलं, हे खूण केलेले अणू दाखवतात. तेही बहुतेक प्रयोगशाळेतल्या मातीच्या नळ्यांत आणि कुंड्यांत. वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या प्रदूषणाला ही अल्पायुषी समस्थानिकं पुरत नाहीत, हेही खरं.

बरं, भीती अगदीच हवेतली नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत किरणोत्सारी कोबाल्ट-६० भंगारात गेलं आणि एक कामगार दगावला. पण त्याचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षं, आणि चूक विल्हेवाटीची. म्हणूनच असे पदार्थ हाताळायला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते.

मेसेजमधल्या बॉम्बच्या ढगाच्या फोटोवर काय बोलायचं!

राहिला ऊस-गूळ-दुधाचा मुद्दा. निसर्गातल्या सगळ्याच पोटॅशियममध्ये किंचित किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतं. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशच्या खताच्या ५० किलोच्या पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांच्या आसपास अणू फुटत असतात. तेच पोतं काका दरवर्षी हातानं उसाला टाकतात. त्यावर कुणी मेसेज काढत नाही. काढूही नये, तेवढ्यानं काही होत नाही.