करिण, मुक्काम पोस्ट नाशकि

हिमाचलातल्या धर्मशालाहून परत येऊन तीन दिवस झाले तरी परिषदेचा बॅज गळ्यात आहे. मिरवायला नाही. मी स्कूटरची किल्ली हरवतो म्हणून बायकोने ती त्या पट्ट्याला अडकवून दिली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

परिषद आंतरराष्ट्रीय. विषय, गावांनी आपलं इंटरनेट आपणच कसं उभारावं. जागाही शोभेशी : 2005 साली आपल्याकडे घराबाहेरचं वायफाय परवानामुक्त झालं आणि लगेचच तिथल्या तिबेटी मंडळींनी स्वस्तातले राउटर छपराछपरांवर बसवून एकमेकांना जोडले होते. समोर धौलाधारचे डोंगर, हातात चहा, बोटं गारठलेली. बाकीचे फोटो घरच्यांनीच अर्ध्यावर थांबवले, तुम्हाला कशाला छळू?

तर नोंदणीच्या टेबलावर बॅज मिळाला. ‘आपलं नाव आपल्या लिपीत’ अशी कौतुकाची योजना होती. मी फॉर्मवर भरलं होतं : किरण, नाशिक. छापून आलं : करिण, नाशकि.

टेबलामागच्या मुलाने बॅज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि इंग्रजीतून म्हणाला, "मला तर बरोबर दिसतंय."

आता यात अवघड काही नाही. ‘कि’ लिहिलं की कॉम्प्युटर आधी क साठवतो, मग वेलांटी. दाखवताना ती वेलांटी उचलून क-च्या अलीकडे ठेवायची असते. बॅजवाल्या सॉफ्टवेअरने ती जागची हलवलीच नाही, मग ती पुढच्या र-च्या डोक्यावर जाऊन बसली. जगातल्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरने कशी साठवायची ते ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारा टायपिस्ट आधी वेलांटी मारून मग अक्षर मारायचा, त्याच्या हातून असं कधी झालं नाही. आणि इथे तीन दिवस भाषांच्या डिजिटल समानतेवर चर्चा! शेजारी बसलेल्या म्यानमारच्या मुलीच्या बॅजवर तर नावाच्या जागी नुसते चौकोन. या रिकाम्या चौकोनांना या धंद्यात ‘टोफू’ म्हणतात, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे तुकडे. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव ‘नो टोफू’वरूनच पडलं. दुपारी जेवणात खराखुरा टोफू होता. तो मात्र व्यवस्थित आला होता.

असो. परवा सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायला गेलो. रविवार, गर्दी, एकाच टेबलावर चार अनोळखी माणसं. समोरच्या काकांनी पापड मोडता मोडता माझ्या छातीवरचा मजकूर वाचायला घेतला. ओठ हलवत.

"करिण," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, सावकाश, मोठ्या आवाजात, "आप पहिली बार आया क्या?"

"काका, मी नाशिकचाच."

"अरे वा! मराठी शिकला की!" त्यांनी शेजारच्याला कोपर मारलं. "बघा, नाशकिचे आहेत. आपल्या नाशिकसारखंच नाव. कुठे आलं हो हे? नेपाळच्या अंगाला?"

"छापताना चुकलंय. मी कॉलेज रोडला राहतो."

"भाड्याने?"

"जन्म इथलाच आहे माझा!"

"मग छापलेलं खोटं?" काकांनी चष्मा वर ढकलला आणि पुढची ओळ गाठली. तिथे ‘धर्मशाला’ अगदी निर्दोष होतं, कारण ते परिषदेच्या बोधचिन्हातलं चित्र होतं, अक्षरं नव्हती. "धर्मशाळेत उतरलात होय? पंचवटीत चांगल्या आहेत. पण 2027च्या सिंहस्थात जागा मिळायची नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

मग त्यांनी मला नाशिक समजावून सांगितलं. गोदावरी, काळाराम, रामकुंड, द्राक्षं, आणि लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक. मी बेचाळीस वर्षांचा नाशिककर, मान डोलावत ऐकत होतो. माझं नाक कुणी कापलं ते सांगायची सोय नव्हती. आधार कार्ड काढून दाखवावं असंही मनात आलं. मिसळ खाताना आधार कार्ड! आपल्याच गावात!

खरा राग काकांचा नाही येत. त्यांनी निदान वाचायचे कष्ट घेतले. तिकडे दोनशे माणसांपैकी एकालाही वेलांटी खटकली नव्हती आणि मीही निरोपाच्या फॉर्ममध्ये ‘व्यवस्था उत्तम’ लिहून आलो होतो.

एवढ्यात पोऱ्या आला. आठ वर्षं मला वाढतोय. काकांनी त्याला अडवलं. "यांना तर्री कमी. पाहुणे आहेत, झेपायची नाही."

पोऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग बॅजकडे, मग काकांकडे. आणि मुकाट्याने आत जाऊन दह्याची वाटी घेऊन आला.