एक स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर: चेंबर काहून कापलं ते सांगतो

भाऊ नमस्कार, तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला अन् सकाळी परत वाचला. तुम्ही लिहिलं का गाडी चाळीस दिवस अडकवून ठेवली, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावायला दिली तर हे ऑइलचं चेंबरच, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठायचं भांडंच, कापत बसले, बिल ठरल्यापेक्षा अठरा हजारानं जास्त, एवढं करून आरपीएम साडेसहा हजारावर बांधून दिलं अन् महिनाभरात इंजिनात खटखट सुरू झाली. जे खरं ते आधी मान्य करतो. चाळीस दिवस लागले. अठरा हजाराचं आधी फोन करून विचारायला पायजे होतं, मी बिल हातात देताना सांगितलं, ती माझी चूक आहे, माफी मागतो. पण खटखट माझ्या कामानं आली हे मला मान्य नाही. काहून ते इथंच लिहितो, कारण आपल्या हिंगणघाट-समुद्रपूरकडचे आणखी दोन-तीन पोट्टे टर्बोचं विचारून राहिले, त्यांनीबी वाचावं.

तुमची जुनी होंडा सिटी व्हीटेक कंपनीतून शंभर हॉर्सपॉवरच्या थोडी वर पॉवर घेऊन आलेली, तुम्हाला पायजे होती दोनशे, अन् तेबी ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानात सारखी वळणं. टर्बो, मोठे इंजेक्टर, ट्यूनिंग, पैसे टाकले का पॉवर होते. पण दोनशेचा मार बसतो पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगवर, आपण ज्याला मेटल म्हणतो त्याच्यावर. क्रँकची ४५ मिलीमीटरची पिन धरा, तर पिन अन् मेटलमधली जागा साधारण ०.०४५ मिलीमीटर, डोक्याच्या केसाएवढीबी नाही, तेवढ्या जागेत ऑइलचा पापुद्रा अन् सगळा भार त्या पापुद्र्यावर. ऑइल तुटलं का लोखंड मेटलला घासलं, मंग मेटल जायला मिनिटंबी लागत नाहीत.

तुमची गाडी बाराव्या दिवशी चालू झाली होती, फोटो टाकला होता तुम्हाला. तेव्हाच देऊन टाकली असती तर तुम्ही पाच स्टार दिले असते. पण मी गाडी एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात नेली, मे महिना, जिनिंग बंद, आवार सगळं रिकामं, मालकाला विचारून पोऱ्याच्या हातात साधा नळीवाला ऑइल प्रेशर मीटर दिला. सरळ लाइनीत एकदम मस्त, साडेपाच हजार आरपीएमला ५५ पीएसआय (ऑइलच्या दाबाचं माप). आमचा जुना हिशोब आहे, हजार आरपीएममागे दहा पीएसआय, म्हणजे बरोबर. मंग २५ मीटर त्रिज्येच्या गोलात ताशी ५० किलोमीटरनं गाडी फिरवली. पयल्या अर्ध्या गोलात काटा ४५ वर, अन् गोल पुरा व्हायच्या आत पोऱ्या ओरडला, काटा पडला, बारावर आला! मी लगेच पाय काढला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तोवर लागलाच नव्हता, तो लागतो पाच-सात पीएसआयच्या खाली, म्हणजे दिव्याच्या भरवशावर राहिलो असतो तर कळलंच नसतं.

हे काहून होते ते शेतकऱ्याला लवकर समजते. कपाशीवर फवारणी करताना पाठीवरच्या पंपात औषध थोडं राहिलं अन् तुम्ही एका बाजूला वाकले का नोझल फुसफुस करते, औषध पंपात आहे पण नळीच्या तोंडाशी नाही. इंजिनाचंबी तसंच. तेवढ्या वळणात ऑइल चेंबरमध्ये जवळपास ४० अंशात तिरपं होऊन एका भिंतीवर चढते, स्ट्रेनर, म्हणजे पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती, उघडा पडतो अन् पंप हवा ओढतो.

तुम्ही लिहिलं का मोठा ऑइल पंप टाकला असता तर भागलं असतं. नाही भागत भाऊ. मोठा पंप तर चेंबर आणखी लवकर रिकामं करते, ऑइल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, जाऊन बसते अन् परत खाली यायला त्याला वेळ लागते. अन् नुसतं एक लिटर जास्त भरलं तर क्रँक त्याच्यात आपटते, ताकासारखा फेस होते, अन् फेसाचा पापुद्रा बनत नाही. म्हणून चेंबर कापलं. दोन्ही बाजूंना कान जोडले, दीड लिटर ऑइल जास्त मावलं पण लेव्हल तेवढीच राहिली, स्ट्रेनरभोवती पत्र्याची पेटी केली अन् तिला आत उघडणाऱ्या झडपा लावल्या, म्हणजे ऑइल आत येते, बाहेर पळत नाही. हे वेल्डिंग आपल्याकडं होत नाही, नागपूरला न्यावं लागलं, अकरा दिवस तिथंच गेले. आणल्यावर डिझेल भरून रात्रभर पेपरवर ठेवलं, सकाळी ड्रेन नटापाशी रुपयाएवढा डाग, म्हणून परत नागपूर. मंग त्याच जिनिंगमध्ये त्याच गोलात पाच चकरा मारल्या, काटा ४२ च्या खाली आला नाही, व्हिडिओ आहे माझ्याकडं.

ऑइल कूलर तुम्ही मागितला नव्हता, तो मी माझ्या मनानं लावला हेबी खरं. बाहेर ४६ अंश अन् वर टर्बोची आग, ऑइल १३० अंशाच्या वर गेलं होतं, तेवढ्या गरमीत ते पाण्यावानी पातळ होते. त्याच्यात थर्मोस्टॅट आहे, डिसेंबरच्या थंडीत ऑइल गरम होईस्तोवर कूलरकडं जवळपास जातच नाही. फक्त सीझनमध्ये कापसाच्या गाड्यांमागं चालवली का रुई चिकटते जाळीला, हवा मारत जा.

आता साडेसहा हजारावर आरपीएम बांधणाऱ्या लॉकचं. साडेसहाचे साडेसात हजार केले का रॉडला बसणारा झटका एक तृतीयांशानं वाढते, कारण तो आरपीएमच्या वर्गानं वाढते. रॉड अन् बोल्ट तुमचे कंपनीचेच आहेत, बजेटमध्ये ते बसले नाहीत, म्हणून लॉक लावला अन् कागदावर लिहून दिलं.

गाडी परवा तुमचा चुलतभाऊ टो करून घेऊन आला, चेंबर मी त्याच्यासमोर खोललं. खाली आमचं चेंबर नव्हतंच. गावातल्या ब्रेकरला लागते म्हणून तुम्ही दुसरीकडं जुनं चेंबर परत बसवलं, लॉकबी तिथंच काढला. अन् त्यांनी पॅकिंगला सिलिकॉन इतकं फासलं का त्याची निळी दोरीच्या दोरी आत सुटून स्ट्रेनरच्या जाळीत अडकली होती, अर्धी जाळी बंद. तीन नंबरचं मेटल पिनेवर फिरलं, तुकडे चेंबरमध्ये चमकत होते. फोटो तुमच्या चुलतभावाच्या मोबाइलात आहेत, पाहून घ्या.

ब्रेकरची तक्रार मात्र बरोबर आहे तुमची. ड्रेन नट एक सेंटीमीटर खाली आला होता, मी गावातला ब्रेकर धरून मोजलं नाही, पाच एमएमची प्लेट तेव्हाच लावायला पायजे होती.

तर असं करू, आमचं चेंबर त्या गॅरेजातून घेऊन या, फेकू देऊ नका. नट बाजूला घेतो, खाली प्लेट लावतो, फिटिंगची मजुरी घेत नाही. क्रँक ग्राइंडिंग, मेटल अन् पॅकिंगचा खर्च तुमचा. कूलर अन् त्याच्या नळ्या नवीन घ्याव्या लागतील, कितीबी धुतल्या तरी मेटलचा चुरा आत राहतेच अन् तो नवीन मेटल पयल्याच दिवशी खाते. टर्बोबी खोलून पाहावा लागेल, तेच ऑइल त्याच्यातून गेलं आहे. मी दुकानात सकाळी नवापासून असतो, या. तोवर कोणी म्हटलं तरी सेल्फ मारू नका गाडीला.