‘आठवडाभरात फक्त आठ शब्द’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. ध्रुवमोहिमेच्या गोष्टींतून मुलांना नवे शब्द शिकवणाऱ्या माझ्या ऑनलाइन शब्दवर्गाने तुमचं समाधान झालं नाही, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. तुमच्या लेकीचा वर्ग मध्येच सुटला याचं तर जास्तच वाईट वाटलं. एक तारा दिलात, तो तुमचा अधिकार आहे. पण हा वर्ग मी एकटी चालवते आणि नवे पालक सगळ्यात आधी हे तारेच बघतात. ‘आठवडाभरात फक्त आठ शब्द, बाकी सगळा टाइमपास’ हे तुमचं वाक्य उत्तराशिवाय राहिलं तर ते मला परवडणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

शब्द आठच असतात, हे खरं. त्यात लपवाछपवी काही नाही, माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तसं छापलेलं आहे. पन्नास कार्डं दाखवून घोकून घेणं मलाही येतं, आणि वर्ग कसा भरगच्च दिसला असता! पण पहिली-दुसरीच्या मुलांना एकदा ऐकलेला शब्द चार दिवसांनी विचारला की ती नुसती बघत राहतात. तो आधी गोष्टीत यावा लागतो, मग चित्रात, मग खेळात, आणि शेवटी मुलाने तो स्वतःच्या वाक्यात वापरावा लागतो. याला वेळ लागतो.

त्या आठवड्याचे शब्द होते हिमनग, हिमनदी, हिमवादळ, तळ, शिधा, साठा, अंदाज आणि माघार. पहिले तीन सोपे, चित्र दाखवलं की निम्मं काम झालं. त्यातही हिमनगासाठी आम्ही मुलांना ग्लासभर पाण्यात बर्फाचा खडा टाकून पाण्याच्या रेषेवर पेनने खूण करायला लावतो. खड्याचा जेमतेम शेंडा वर राहतो. खऱ्या हिमनगाचाही साधारण नव्वद टक्के भाग पाण्याखाली असतो, हे मग सांगावंसुद्धा लागत नाही. खरी मेहनत शेवटच्या चार शब्दांवर असते, कारण ते बर्फ वितळल्यावरही कामाला येतात. गणितात अंदाज लागतो, वह्या-पेन्सिलींचा साठा असतो.

ज्या स्लेजच्या (बर्फावरून सामान ओढायच्या घसरगाडीच्या) खेळाला तुम्ही टाइमपास म्हटलंत, तो नेमका यासाठीच आहे. स्लेजवर जागा मोजकी असते. वस्तू चढवायची तर ती का हवी, हे पूर्ण वाक्यात पटवून द्यायचं. तुमच्या लेकीला बाहुली न्यायची होती आणि बाकीची मुलं हसायला लागली. ती अजिबात न डगमगता म्हणाली, ‘बाहुलीला शिधा लागत नाही, म्हणून तिला नेता येतं.’ ताई, असं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून तर मी हा वर्ग चालवते. तुम्ही त्या वेळी खोलीत नव्हतात बहुतेक.

‘एवढ्याशा मुलांना माघारीचे शब्द कशाला?’ असंही तुम्ही विचारलंय. 9 जानेवारी 1909 रोजी ब्रिटिश शोधप्रवासी शॅकलटन आणि त्यांचे तीन साथीदार दक्षिण ध्रुवापासून सुमारे 180 किलोमीटरवर होते. पुढे गेलो तर परतीला शिधा पुरणार नाही हे दिसल्यावर ते फिरले, आणि चौघेही जिवंत परतले. एका गोष्टीत अंदाज, शिधा आणि माघार असे तीन शब्द आले, आणि मुलांना ते समजावून सांगत बसावं लागलं नाही. नॉर्वेचे अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला सगळ्यात आधी ध्रुवावर पोचले, तेही सांगतो. त्यांच्यामागून ध्रुवावर पोचलेले ब्रिटिश स्कॉट आणि त्यांचे साथीदार परतीच्या वाटेवर दगावले, तो शेवट मात्र या वयाला सांगत नाही, तेवढं तारतम्य आम्हालाही आहे.

राहिला चित्रांचा मुद्दा. आमच्या वर्गात पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच चित्रात नाहीत, कारण अंटार्क्टिकात पांढरं अस्वल नसतंच, ते उत्तरेकडचं. यात बदल होणार नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. शब्द पहिल्यांदा येतात ते सुरुवातीच्या गोष्टीत, आणि तुमच्याकडून ऑनलाइन वर्गाला जोडणी बऱ्याचदा गोष्ट संपल्यावर व्हायची. मग मुलगी गोंधळायची, आणि तिने तोंड उघडायच्या आत मागून उत्तर यायचं. काळजीपोटीच होतं ते, मी समजू शकते. पण तिच्या वाट्याचं बोलणं त्यात राहून गेलं. हे लेखी मांडायची वेळ यावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

बाकी, पालकांना आठवड्याचे शब्द आधी कळावेत यासाठी काहीतरी करायचं मनात आहे, वेळांचंही बघते आहे. उरलेल्या वर्गांची फी हवी असेल तर निरोप पाठवा, लगेच परत करते. लेकीला यायचं असेल तर पुढच्या तुकडीत तिची जागा धरून ठेवते, वेगळे पैसे नकोत. तारे बदला असं मी म्हणणार नाही. ‘टाइमपास’ हा शब्द तेवढा जमलं तर काढा.