एका परोपकाराची तक्रार

खिडकीतून परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत कड खाल्लेले एक नाणे दिसले आणि मी ते निरखत उभा राहिलो, एवढाच माझा गुन्हा. मागच्या गृहस्थांनी खांद्यावरून डोकावून "फसवलं तुम्हाला!" असा निकाल दिला, नाणे माझ्या तळहातावरून उचलले आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच "यांना धड नाणं द्या" असे आतल्या बाईंना खडसावलेही. बाईंनी ते गल्ल्यात फेकून मला एक निर्दोष, म्हणूनच सर्वस्वी निरुपयोगी नाणे दिले. गृहस्थ आता आभारांची वाट पाहत होते.

मी त्यांना समजावू लागलो. टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढचा काप आधीच्या भोकावर येतो आणि चकती जन्मतःच कोर गमावून बाहेर पडते. पुढे कड उठवण्यासाठी तिला दाबून फिरवतात, तेव्हा तुटक्या भागाच्या बरोबर समोर दाब कमी पडतो आणि तिथलीही कड पुसट राहते. पकडीने नाणे तोडणाऱ्याला हे सहसा साधत नाही. ती पुसट कड मला नुकती दिसली होती, एवढ्यात हे अवतरले.

"म्हणजे माल सदोषच ना?" ते म्हणाले. "मग बदलून दिला तर बिघडलं कुठं?"

संग्राहक अशा नाण्यांना जास्त पैसे मोजतात, हे ऐकताच मात्र त्यांनी खिसा उलटा केला. एक नाणे जळून काळे पडलेले, एक भोक पाडलेले, एक ठेचून पसरट झालेले. टांकसाळीत घडते ती चूक आणि बाहेर पडल्यावर होते ती नासधूस, हा साधा भेद व्हिडिओवाल्यांनी लोकांच्या डोक्यातून पुसून टाकला आहे आणि त्याची भरपाई रांगेत उभे राहून आमच्यासारख्यांनी करायची!

"यावर अक्षरं दुहेरी आहेत," त्यांनी चौथे नाणे नाचवले. अमेरिकेच्या 1955 च्या प्रसिद्ध एक सेंटवर तारीख आणि अक्षरे दुहेरी आहेत, कारण नाण्यांवर छाप उमटवणारा ठसा घडवतानाच ती त्यात दोनदा उमटली होती. यांच्या नाण्यावर होती ती ठसा सैल पडून हलल्याने येणारी चपटी, पायरीसारखी सावली, जिला संग्राहक सहसा विचारत नाहीत. तसे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले आणि मूठ घट्ट मिटली.

"कळलं," ते म्हणाले. "स्वस्तात हवंय तुम्हाला."