खरा युजर असं करत नाही

मी नोंदवलेला बग, म्हणजे ॲपमधली चूक, आमच्या डेव्हलपरने दुरुस्त न करताच बंद केला आणि खाली शेरा मारला, ‘खरा युजर असं करत नाही.’ तेवढ्यावर भागलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या देखत वर ऐकवलं, "ताई, तुम्हाला कोड दिसत नाही ना, म्हणून तुम्हाला असं वाटतं." ताई! चार वर्षांनी लहान असेल फार तर, मेला.

कोड दिसत नाही हे खरंय. न बघण्याचाच पगार घेते मी. ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणतात त्याला: आत काय शिजलंय ते न बघता एका बाजूने काहीतरी घालायचं आणि दुसऱ्या बाजूने काय येतं ते तपासायचं. कंपनी पुण्यात, मी देवगडला माहेरच्या पडवीत, आणि ॲप आंबेवाल्यांसाठी. पेट्या किती ते टाका, टेम्पो बुक करा.

पेट्या १ ते ९९ चालतात. सगळे आकडे कोणी टाकून बघत नाही. ४०ला जे होतं तेच ४१ला होणार असं धरून मधला एखादा घ्यायचा, आणि मग कडेला जायचं: ०, १, ९९, १००. घोटाळे राहतात ते कडेला. कोणीतरी ‘पेक्षा कमी’ लिहिलेलं असतं, तिथे ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’ हवं असतं, आणि ९९ पेट्यांचा मालक बाहेर उभा राहतो. मी उणे एकसुद्धा टाकून बघते. त्यावर तो हसला होता. "उणे एक पेटी कोण पाठवतं हो?"

बंद केलेला बग मात्र वेगळा होता. रेंज कमी असली की ‘बुक करा’ दाबूनही काहीच हलत नाही. चक्र फिरत नाही, बटण फिकं होत नाही. पुन्हा दाबलं की दुसरं बुकिंग. पुण्यात त्याच्या घरी फायबर आहे, त्याला हे दिसणार कसं?

मी चडफडत बसले होते तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. काढणीचे दिवस, अंगठ्यावर देठाचा चीक वाळून काळा झालेला, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. मी फोन हातात दिला आणि म्हटलं, अण्णा, तीन पेट्या बुक करून दाखवा. मध्ये एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं.

अण्णांनी आधी फोन लांब धरला, मग जवळ, मग उलटा. ‘संख्या’ या चौकोनात ‘तीन’ असं अक्षरांत लिहायला गेले. तिथे आकड्यांचाच कीबोर्ड. "अक्षरां खय गेली गो?" मग ३. मग अंगठा पुसला, पंच्याला नाही, स्क्रीनलाच. मग ‘बुक करा’. काही नाही. पुन्हा. काही नाही. अण्णा उठले, विहिरीच्या कठड्याकडे गेले, कारण आमच्या वाडीत रेंज तिथे मिळते, आणि तिसऱ्यांदा दाबलं ते दात-ओठ खाऊन. टिंग, टिंग, टिंग. तीन बुकिंगं, नऊ पेट्या.

"तीनदा का दाबलंत?"

"पयल्यांदा दाबलंय, काय झाला नाय. म्हणान परत दाबलंय. तू काय केलं असतंस?"

हाच तो, जो असं करत नाही.

उत्साहात मी उणे एकची गोष्टही सांगितली. अण्णा हसले नाहीत. "असता गो उणे पेटी. गेल्या वर्सा वाशीच्या बाजारातसून हिशोबाची पट्टी इली. भाडा, हमाली, तोलाई, दलाली कापून मीच शंभर रुपये देणा."

आता अण्णा साक्याचा दाखला देणार, अशी मी वाट बघत होते. बाहेरून पिवळाधमक आंबा, आतला गर बिघडलाय ते कापल्यावर कळतं वगैरे. लेखाला बरा पडला असता. अण्णांनी विचारलं, "पगार कोणाक जास्त? तुका काय त्येका?"

"त्याला."

"मगे त्येचाच बरोबर असतला."

झोंबलं. कारण हिशेब तोच आहे. आत बघायची परवानगी द्यायची नाही, मग आतलं कळत नाही म्हणून ऐकवायचं, आणि ॲप बाहेर जाऊन आपटलं की पहिला फोन मलाच: "टेस्टिंगमध्ये सुटलं कसं?" डाइक्स्ट्रा नावाचे डच शास्त्रज्ञ १९६९ सालीच सांगून गेले की टेस्टिंगने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे नाही. आमच्या मॅनेजरपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

मी अण्णांच्या अंगठ्याचा व्हिडिओ जोडून बग पुन्हा उघडला. अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘हे अण्णा कोण? नवीन जॉइन झाले का?’ दुरुस्तीबद्दल अक्षर नाही.

तोवर अण्णा पेंढ्यात आंबे लावून तीन पेट्या आमच्या गडग्याशी ठेवून उभे.

"टेम्पो किती वाजता येतलो?"

मी समजावलं की हे टेस्ट सर्व्हर, खोटं बुकिंग, टेम्पो येणार नाही.

"खोटा होता तर माका दाबूक कित्या सांगितलंस?"

याला उत्तर कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. पेट्या माझ्या स्कूटरवरून नाक्यावर गेल्या. दोन पायाशी बसल्या. तिसरी मांडीवर घेऊन अण्णा मागे बसले आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत राहिले, "आमच्या बायच्या कंपनीचो टेम्पो!"